आधी नारळ की आधी रस्ता? काचेवरच्या फोटोंची दोन दिवसांची कार्यशाळा, सदाशिव पेठ

चार तारे. पाचवा का नाही, ते खाली येईलच.

आज आठवा दिवस आणि उजव्या हाताची तीन बोटं अजून काळी आहेत. पहिल्या दिवशी घरी गेलो तर ही म्हणाली, "अहो, आज मतदान कुठे होतं?" तिचं फार चुकलं नव्हतं. मतदानाच्या शाईत असतं तेच सिल्व्हर नायट्रेट. उजेड लागला की काळं पडतं आणि कातडी निघेपर्यंत जात नाही. शिकवणाऱ्या मुलाने हातमोजे दिले होते, मी घातले नाहीत. लक्ष्मी रोडवरच्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये मी बत्तीस वर्षं उघड्या हातांनी काम केलंय, मला कसले हातमोजे? तर ही चूक माझी. तिच्यासाठी तारा कापलेला नाही.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'ओल्या काचेवरची छायाचित्रकला आणि सुरुवातीची युद्धछायाचित्रं'. शनिवार-रविवार, सकाळी दहा ते पाच, फी साडेचार हजार, ज्येष्ठांना पाचशे कमी. चहा, पोहे आणि दुपारचा डबा त्यातच. जागा म्हणजे एका जुन्या वाड्याची मागची पडवी आणि अंगण. आम्ही आठ जण होतो. दोन इंजिनिअरिंगची मुलं, एक डॉक्टरीणबाई, इतिहासाचे एक प्राध्यापक, बाकी हौशी. शिकवणारा तिशीचा, केसांचा बुचडा बांधलेला. मला पहिल्या मिनिटापासून 'काका' म्हणायला लागला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत डार्करूमच्या जुन्या गोष्टी काढून घेत राहिला. हुशार पोरगा आहे.

मी गेलो होतो केमिकलच्या वासासाठी. इतिहास लोणच्यासारखा पानात डावीकडे असेल असा माझा अंदाज. प्रत्यक्षात जेवणच त्याचं निघालं.

आधी काम सांगतो. कोलोडियन म्हणजे काय, तर कापसावर आम्लाची प्रक्रिया केली की गनकॉटन होतो, भडका उडणारा. तोच इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की मधासारखा चिकट द्रव मिळतो. डॉक्टरीणबाईंना ते नाव ठाऊक होतं, कारण जखमेवर पातळ पापुद्रा धरायला तो एकोणिसाव्या शतकापासून वापरतात. म्हणजे स्फोटकाचा भाऊ, जखमेचं औषध आणि लढाईचा फोटो, सगळं एकाच बाटलीत. फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या इंग्रजाने १८५१ मध्ये ही रीत छापून जाहीर केली, पेटंट घेतलं नाही, आणि १८५७ मध्ये गरिबीतच मेला. फोटोच्या धंद्यात पैसे कोण मिळवतं हे तेव्हापासून ठरलेलं आहे, पण ते असो.

काच पुसायची. मधोमध कोलोडियन ओतायचं, काच एकेका कोपऱ्याकडे कलती करत ते सगळीकडे फिरवायचं, उरलेलं चौथ्या कोपऱ्यातून परत बाटलीत. माझी पहिली काच बघून तो म्हणाला, "काका, धिरडं नाही घालायचं." मग लाल दिव्याखाली तीन मिनिटं चांदीच्या द्रावणात. तिथून ओली काच होल्डरमध्ये, होल्डर कॅमेऱ्यात, लेन्सचं झाकण काढायचं, मोजायचं, झाकण लावायचं आणि पळत परत डार्करूममध्ये. वर हिराकसाचं पाणी ओतलं की चित्र उमटतं. मग हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं द्रावण. काच वाळली की खेळ खलास. हे सगळं दहा मिनिटांत बसवायचं. जानेवारीतल्या पुण्याच्या उन्हात माझ्या पहिल्या दोन काचा वाटेतच सुकल्या. डार्करूम ते कॅमेरा अंतर अठरा पावलं.

आता हेच क्रायमियात करा, काळ्या समुद्राकाठी, जिथे इंग्रज आणि फ्रेंच रशियाशी लढत होते.

रॉजर फेंटन नावाचा इंग्रज फोटोवाला मार्च १८५५ मध्ये तिथे उतरला. वकिलीचं शिक्षण, चित्रकलेची आवड, राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याचा वरदहस्त आणि मँचेस्टरच्या अॅग्न्यू या प्रकाशकाचे पैसे. सोबत पाच कॅमेरे, ७०० काचा, मदतनीस आणि वाइनच्या एका व्यापाऱ्याची जुनी घोडागाडी. तिचीच डार्करूम केलेली. गाडी फिकट रंगाची, म्हणून रशियन तोफांना ती लांबून दिसायची. उन्हाळा आला तसं आत उभं राहणं अशक्य झालं. जूनअखेर तो कॉलरा घेऊन परत गेला, पण साडेतीनशेच्या वर फोटो घेऊन. त्यांत लढाई एकही नाही. तंबू आहेत, घोडे, बंदरातली जहाजं, खुर्चीवर बसलेले साहेब, हुक्का आणि पेले. प्रेत एकही नाही.

प्राध्यापक म्हणाले, हे सरकारी गोडगोडच. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात रसेल नावाचा वार्ताहर 'टाइम्स'मध्ये सैनिकांचे हाल छापत होता, लोक चिडले होते, आणि फेंटनची चित्रं मात्र नीटनेटकी छावणी दाखवतात. मुद्दा बरोबर आहे. पण मी दोन काचा वाळवून नुकताच आत आलो होतो. म्हटलं, सर, सहा सेकंद हलायचं नाही अशी लढाई कुठली असते? साहेब खुर्चीवर बसला म्हणून फोटोत आला. धावणारा माणूस येणारच नाही, कितीही इच्छा असली तरी. सर म्हणाले, प्रेतं तर हलत नाहीत ना.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

दुपारच्या डब्यानंतर (मटकीची उसळ उत्तम, पोळ्या गार) तो प्रकार झाला ज्यासाठी मी हे एवढं लिहितोय. फेंटनचा सगळ्यात गाजलेला फोटो २३ एप्रिल १८५५ चा. उजाड घळ, मधून रस्ता, रस्त्याभर तोफगोळे. माणूस नाही, घोडा नाही. पण याच जागेच्या त्याच्या काचा दोन आहेत, कॅमेरा तिथल्या तिथे. एकीत गोळे रस्त्यावर, दुसरीत रस्ता रिकामा आणि गोळे कडेच्या खळग्यात. मग आधी कुठली? गोळे होते ते उचलले, की नव्हते ते आणून मांडले?

मुलाने उत्तर दिलं नाही. पडवीतून गोणी ओढत आणली आणि अंगणात ओतली. सोललेले नारळ, चोवीस. वाड्याची मागची भिंत गेल्या पावसाळ्यात बसली आहे, तिथे माती-विटांचा उतार झालाय आणि पायथ्याने हौदाकडे जाणारी पायवाट. चौघांनी दोन काचा काढायच्या, एक नारळांसकट आणि एक नारळांशिवाय, क्रम आपसांत ठरवायचा. उरलेल्या चौघांनी तोवर रस्त्यावर जाऊन चहा प्यायचा आणि परत येऊन काचा बघून क्रम ओळखायचा.

मी ओळखणाऱ्यांत होतो. दोन्ही पोरं सावल्यांची लांबी मोजत बसली. प्राध्यापकांनी मानसशास्त्र लावलं, म्हणजे 'माणूस आधी सोपं काम करतो' वगैरे. मी खिशातून लूप (बारकं भिंग) काढली. तिच्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही, हिला विचारा. रिटचिंगवाल्याला चित्र दिसतच नाही, डाग दिसतात. पन्हळीच्या पाइपाशेजारी विटेचा एक तुकडा होता, सुपारीएवढा. नारळ नसलेल्या काचेत तो पाइपाच्या जोडापाशी. नारळ असलेल्या काचेत वीतभर खाली. नारळ मांडताना कुणाचा तरी पाय उतारावर पडला आणि तुकडा घरंगळला. विटेचा तुकडा आपणहून वर चढत नाही. म्हणजे रिकामा रस्ता आधी.

मुलाने टाळी वाजवली आणि मग सांगितलं की फेंटनच्या बाबतीत नेमकं हेच झालंय. एरॉल मॉरिस नावाचे अमेरिकन चित्रपट-दिग्दर्शक या दोन काचांपायी क्रायमियात जाऊन आले, २००७ मध्ये त्यावर लांबलचक लिहिलं, आणि शेवटी क्रम लागला तो उतारावरच्या घसरलेल्या दगडांवरून. रिकामा रस्ता आधी, गोळे नंतर. ते गोळे फेंटनने मांडले, शिपायांना सांगून मांडून घेतले, की शिपाई आपल्याच कामासाठी गोळा करत होते, हे दगड सांगत नाहीत.

"म्हणजे खोटा फोटो," एक पोरगा म्हणाला. पण त्या घळीत गोळे पडत होते, एवढे की शिपायांनीच तिला मृत्यूची घळ म्हणायला सुरुवात केली होती. पडणारा गोळा त्या काचेवर येणं शक्य नव्हतं, पडलेलाच येणार. आमचा एक नारळ झाकण उघडं असतानाच घरंगळला आणि काचेवर त्याचा धुरासारखा फराटा उमटला. बाकीचे तेवीस नारळ सुबक आलेत. मी ती काच तीन वेळा बघितली, तिन्ही वेळा नजर फराट्यावरच.

त्याच काचेत अजून एक गंमत आहे. एक्स्पोजर चालू असताना वाड्यातल्या आजी दुधाची किटली घेऊन कॅमेऱ्यासमोरून गेल्या. अंगण ओलांडून, सरळ, घाई न करता. फोटोत आजी नाहीत. किटलीही नाही. आजींना दाखवलं तर म्हणाल्या, "बरं झालं बाई, गाऊनवर होते." फेंटनच्या त्या छावण्यांतून कोण कोण असं चालत गेलं असेल, पाणी भरणारे, घोड्यांना दाणा टाकणारे, असं मनात आलं. आणि रंगांचं तर विचारू नका. या काचेला निळा रंग पांढरा दिसतो आणि लाल काळा. डॉक्टरीणबाईंचं कुंकू काळं ठिक्कर, एका पोराची जीन्स धुतल्यासारखी, आभाळ कोरं. जुन्या लढायांच्या फोटोंवर ते पांढरं सुन्न आभाळ असतं ना, मला ते नेहमी उदास वाटायचं. ते आभाळ बहुतेक छान निळं असणार.

रविवारी सकाळी स्लाइड. १८४८-४९ च्या दुसऱ्या शीख युद्धात बंगाल आर्मीतला जॉन मॅकॉश नावाचा सर्जन कागदाच्या निगेटिव्हवर फोटो काढत होता. युद्धावर गेलेल्या आणि ज्यांचं नाव टिकलं अशा अगदी पहिल्या फोटोवाल्यांत तो येतो, आणि ते युद्ध पंजाबातलं. मला हे या वयात कळलं. (खडकीची लढाई १८१७ ची. फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ मध्ये. बावीस वर्षांनी हुकलं आपलं. पण बापू गोखल्यांचा फोटो असता तर तोही खुर्चीवर बसलेलाच असता.)

मग लखनौ. सिकंदरबाग.

हा फोटो मी पुस्तकात बारक्या आकारात पाहिलेला होता, भिंतीवर कधी नाही. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंग्रज फौजेने त्या बागेच्या आवारात दोनेक हजार शिपाई मारले. फेलिचे बिआतो हा फोटोवाला तिथे पोचला पुढच्या वर्षी, काही महिन्यांनी. फोटोत गोळ्यांनी चाळण झालेली इमारत आहे, पुढे काही हिंदी माणसं, एक घोडा, आणि अंगणभर हाडं. नीट पसरलेली हाडं. त्या काळात लखनौत असलेले इंग्रज अधिकारी जॉर्ज कॅम्पबेल यांनी आठवणींत लिहून ठेवलंय की प्रेतांचा ढीग झाकलेला होता, फोटोवाल्याने हट्टाने तो उघडायला लावला. म्हणजे नारळच. फक्त नारळ नव्हेत.

पडवीत कोणी बोललं नाही. मला त्या उभ्या माणसांवरून नजर हलवता येईना. ते स्पष्ट आलेत, अंगरख्याच्या चुण्या दिसतात. म्हणजे कित्येक सेकंद ते हलले नाहीत. 'हलू नका' हे त्यांना कोणी सांगितलं असेल, कुठल्या भाषेत? आणि ते कोण होते? फोटोवाल्याचं नाव आपल्याला पाठ, पलटणींची नावं मथळ्यात, या माणसांची कुठेच नाहीत.

इंग्रजांचे मेलेले त्या फोटोत का नाहीत, हे विचारायची गरज नव्हती. ते पुरले गेले होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धातही हेच. १७ सप्टेंबर १८६२ ला अँटिएटमची लढाई झाली, फोटोवाला अलेक्झांडर गार्डनर दोन दिवसांत तिथे पोचला, आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये मॅथ्यू ब्रॅडीच्या गॅलरीत ते फोटो लागले. घरच्या लोकांनी रणांगणावरचे मुडदे असे पहिल्यांदाच पाहिले, भिंग लावून. पण त्यातले बरेचसे दक्षिणेकडचे. मैदान ताब्यात राहिलेल्या उत्तरेने आपली माणसं आधी मातीआड केली होती. आपला माणूस पुरायचा असतो, दुसऱ्याचा फोटोसाठी थांबू शकतो. पुढच्या वर्षी गेटिसबर्गला याच गार्डनरच्या मंडळींनी एका तरुण शिपायाचं प्रेत उचलून दगडांच्या आडोशाला नेलं, शेजारी बंदूक टेकवली आणि खाली 'नेमबाज' लिहिलं. तोच मुलगा दुसऱ्या जागी पडलेला असे आणखी फोटो आहेत. बंदूकही नेमबाजाची नव्हे. ही लबाडी उघडी पडायला शंभर वर्षं लागली.

पोरं 'छी' म्हणाली. मी गप्प बसलो, कारण मला एक गिऱ्हाईक आठवत होतं.

१९९० च्या आसपासची गोष्ट. साताऱ्याकडचं कुटुंब, पणजोबांचा फोटो घेऊन आलेलं. चिरलेला, वाळवी लागलेला. मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकातल्या) लढाईवरचा, म्हणाले. पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन तिकडे गेली होती, मराठा पलटणी होत्या तिच्यात. कुटला वेढ्यात सापडली, अन्न संपलं आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण आली. घरातून त्यातले कोणी होते असं त्यांचं सांगणं. फोटोत मात्र एक ताठ पोरगा, गणवेशात, मागे रंगवलेल्या पडद्यावर जिना आणि कुंडी. शेजारी तिपाईवर फुलदाणी. त्यांना ते पटेना. लढाईवर फुलदाणी कुठली? म्हणाले, मागचं काढा, रणांगण टाका.

मी टाकलं. मासिकातून वाळवंट कापलं, कडा ब्लेडने पातळ केल्या, एअरब्रशने धूर मारला, कॉपी निगेटिव्ह काढली. शेठ म्हणाले, जोडकाम शिकावं तर याच्याकडून. गिऱ्हाइकांनी पेढे दिले. आणि मूळ फोटोच्या पुठ्ठ्यावर खाली स्टुडिओचं नाव आणि गाव छापलेलं होतं, ते मी फ्रेमच्या मापासाठी कापून टाकलं. काय होतं ते आठवत नाही. पुण्याचं होतं, मुंबईचं, की बसऱ्याचं? ती पट्टी असती तर तो पोरगा जहाजावर चढण्यापूर्वीचा की उतरल्यानंतरचा, एवढं तरी कळलं असतं. कचऱ्याच्या डब्यात गेली. वाळवंट भिंतीवर गेलं.

दुपारच्या चहाला मुलाला हे सांगितलं. तो म्हणाला, "काका, पुढच्या बॅचला याल? हेच सांगा फक्त." बघू.

आता तारा का कापला. पहिला दिवस चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाला, 'प्लंबर आला होता' हे कारण. प्रोजेक्टर मेणचट आहे, गडद भाग सगळे एक होतात, आणि या विषयात बघण्यासारखं जे असतं ते गडद भागातच असतं. सिकंदरबागेची स्लाइड आम्ही शेवटी त्याच्या लॅपटॉपवर पाळीपाळीने पाहिली. अँटिएटमच्या एका फोटोखाली 'गेटिसबर्ग' लिहिलं होतं. मी दाखवलं तर लगेच दुरुस्त केलं, तेवढं त्याचं कौतुक. इथरचा वास डोक्यात जातो आणि पडवीत हवेला एकच टेबलफॅन. डॉक्टरीणबाई होत्या म्हणून एका पोराची चक्कर चहावर निभावली. एक्झॉस्ट बसवा, ही विनंती नाही, तंबी आहे. फिक्सिंगला सायनाइडऐवजी हायपो वापरतो हे मात्र शंभर टक्के बरोबर. आणि टिपणं नुसती इंग्रजीत का? 'हिराकस' म्हटल्यावर आठांपैकी सहा जणांचे चेहरे उजळले होते.

जाणाऱ्यांसाठी: जुने कपडे घाला, हातमोजेही घाला. गाडी आणू नका, मंडई मेट्रोपासून चालत पंधरा मिनिटं. वाड्याचा जिना चढायचा नाही, सगळं तळमजल्यावर आहे, गुडघेवाल्यांनी खुशाल जावं. घरी न्यायला एक काच आणि एक काळी अॅल्युमिनियमची पट्टी मिळते, वार्निश करून. वार्निशला लव्हेंडरच्या तेलाचा वास येतो, दोन दिवस कपाट दरवळत होतं.

मी फराट्याची काच मागून घेतली. ही म्हणते, यात नुसते नारळ आहेत, हे काय भिंतीवर लावायचं? मी म्हटलं, यात एक आजी पण आहेत. तिने चष्मा लावून बराच वेळ शोधलं.

नारळ शेवटी सगळ्यांना तीन-तीन वाटले. माझ्या तिन्हींतले दोन कुजके निघाले. पुढच्या बॅचला गेलो तर नारळ मी आणणार आहे, मंडईतून, वाजवून.